नळीवरचं नाव

मुंबईच्या बोटींच्या कचेरीतून सहावं उत्तर आलं, तेव्हा ह्यांनी ते फोडलंच नाही. हातावर तोललं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ह्यातबी 'आढळत नाही'च हाय. मला आता वासावरनं कळतं."

मी फोडलं. तेच होतं. 'गेनू भिमाजी कड, राहणार चाकणनजीक, या नावाचा खलाशी आमच्या दफ्तरी आढळत नाही.' पाचव्या उत्तरात 'आढळून येत नाही' असं होतं. तीन वर्षांत सरकार तेवढं पुढं सरकलं होतं.

गेनू कड म्हणजे माझे सासरे. मी त्यांना पाहिलेलं नाही. लढाई लागली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, चाळीस साली, ते मुंबईला गोदीत कोळसा वाहायला गेले आणि गोदीतून बोटीवर चढले, कोळशाच्याच कामाला. हे तेव्हा दहा वर्षांचे. बेचाळीस साली सासरे चार दिवस घरी येऊन गेले. त्यानंतर कुणाकुणाच्या हस्ताक्षरात दोन पत्रं आली, 'मी खुशाल आहे, बोट कुठं जाते ते लिहायला बंदी आहे.' मग काहीच नाही. आमच्या वाडीतल्या माणसानं समुद्रावर जाणं हीच मुळात सांगोवांगीची गोष्ट. आमच्याकडं पाणी म्हणजे भामा नदी, आणि उन्हाळ्यात ती ओलांडताना पायातलं पायताणसुद्धा काढावं लागत नाही. त्यामुळं कुणी म्हणायचं गेनूनं विलायतेत मडमेशी पाट लावला, कुणी म्हणायचं माशांनी खाल्ला. दोन्ही म्हणणारे आमच्याच ओसरीवर बसून चहा प्यायचे.

हे सगळं ह्यांनी निमूट ऐकलं असतं. पण त्रेपन्न साली भावकीतल्या एका लग्नात हळदीकुंकवाचं तबक फिरत फिरत आत्याबाईंपुढं आलं, म्हणजे माझ्या सासूबाईंपुढं, आणि ते धरणाऱ्या बाईनं हात जरा आखडता घेतला. फार नाही, वीतभर. "गवराबाईचं काय ते नक्की न्हाई ना," ती दुसरीला म्हणाली. आत्याबाई हसल्या आणि कपाळ पुढं केलं. हे मांडवाच्या दाराशी उभे होते. त्यांनी ती वीत पाहिली. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज गेला.

"बाप जिता हाय का मेला, येवढंच मला पायजे," हे म्हणायचे. "जिता असला तर आन्तो. मेला असला तर आईला सांगतो. ही अशी मधीच टांगलेली बाई मला बघवत न्हाई."

पण सरकारचं म्हणणं तिसरंच होतं. ते म्हणत होतं, असा माणूस नव्हताच.

दोनदा हे स्वतः मुंबईला जाऊन आले. तोवर पिंपरीला औषधांचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि ह्यांना तिथं काम लागलं होतं. वाडीपासून पिंपरीपर्यंत सायकल मारायची, पाळी करायची, परत यायचं. रजा मागताना कारण विचारलं की हे सांगायचे, "वडील शोधायचेत." साहेबाला पहिल्यांदा वाटलं, वडील कारखान्यातच कुठं हरवलेत.

पहिल्या खेपेला कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "नळी नंबर काय?"

हे म्हणाले, "आमच्याकडं नळ न्हाई जी. हीर हाय."

कचेरीभर हशा पिकला. ह्यांना तो अजून आठवतो. नळी म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही; पुढच्या माणसाला बोलावलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "समुद्र बघितला. येवढं पानी घिऊन बसलेत, आन् एका मानसाचा पत्त्या लागंना त्यास्नी."

नळीचं कोडं उलगडलं ते चाकणातच, तेही सायकलीच्या पंक्चरमुळं. कांद्याच्या बाजाराशेजारी नूरमोहम्मदचाचांचं सायकलीचं दुकान होतं. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं बोटीवर काढलेले. टिंडेल होते, म्हणजे सारंगाच्या, खलाशांच्या म्होरक्याच्या, हाताखालचे मुकादम. लेक चाकणात दिली, म्हणून म्हातारपणी इकडं आले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघता बघता त्यांनी ह्यांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि हातातली ट्यूब तशीच पाण्यात सोडली.

"अरे बन्सी, नळी म्हणजे खलाशाचं पुस्तक. कुठल्या बोटीवर चढला, कुठं उतरला, सगळं त्यात. जुने लोक पत्र्याच्या नळीत घालून गळ्यात अडकवायचे, म्हणून पुस्तकालाच नळी म्हणायची चाल पडली. नळी नाही तर बोट नाही."

"मग आबाची नळी कुठं गेली?"

"त्याची नव्हतीच." चाचांनी हात पुसले. "हे बघ. सारंग माणसं भरतो ती आपल्या गावची, आपल्या नात्यातली. तुझ्या चाकणच्या माळकऱ्याला कोण घेणार? पण लढाईत माणसं मिळेनात. मग कुणी आजारी पडला, कुणी भ्यायला, की त्याची नळी दुसऱ्याच्या हातात. नाव त्याचं, अंग ह्याचं. अशी पन्नास माणसं मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तुझा बाप गेनू म्हणून बोटीवर चढलाच नसेल. तू गेनू गेनू करत दहा वर्षं अर्ज कर, ते 'नाही' म्हणणार. आणि ते खोटं बोलत नाहीत, हे लक्षात घे."

हे घरी आले ते सायकल न लावताच आत. आत्याबाई कांदे निवडत होत्या, मी भाकऱ्या थापत होते.

"आये, आबा दुसऱ्याच्या नावानं बोटीवर गेलं हुतं. कोनाच्या, ते तुला सांगितलं हुतं का?"

आत्याबाईंनी एक नासका कांदा बाजूला टाकला. "मी कसं सांगू?"

"म्हंजी सांगितलं न्हाई?"

"सांगितलं न्हाई, असं कुठं म्हनले मी?"

"मग सांग की!"

"आरं पर मी कसं सांगू?"

"गेनू सांगू नगंस. त्ये मला ठावं हाय. दुसरं, दुसरं नाव इचारतुया मी!"

"दुसरं काय शेजाऱ्याचं हाय व्हय?" आत्याबाईही चिडल्या.

ह्यांनी कपाळावर हात मारला. "ह्या घरात सरळ बोलायचं कुनी शिकीवलं न्हाई," म्हणाले, माझ्याकडं बघून, जसं काही मीच शिकवायला आले होते, आणि दुसऱ्या पाळीला निघून गेले. जेवलेही नाहीत.

भाकरी तव्यावर होती. ती करपली, कारण मी आत्याबाईंचं शेवटचं वाक्य धरून बसले होते. दुसरं काय शेजाऱ्याचं आहे. म्हणजे दुसरंही त्यांचंच. नवऱ्याचंच नाव. आणि नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. मी तरी कुठं घेत होते?

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्हाला ते नाव ठाऊक आहे."

"मग? मला न्हाई तर कुनाला? बेचाळीसला आले तवा हसत हसत सांगितलं मला. म्हनले, तिथं मला आता ह्या नावानं हाका मारत्यात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पयली गोष्ट, शपत घातली हुती. दुसऱ्याचं पुस्तक चालवलं म्हनून पोलीस धरत्यात. दुसरी गोष्ट, मला इचारलं कुनी? पोरगं आपल्या मनानं अर्ज करतंय, मला वाटलं मोठ्या मानसागत करत असंल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् नाव घेतलं की मानसाचं आयुक्ष कमी हुतं. बोटीवर आदीच आयुक्षाचा भरवसा न्हाई. तिथं मी हितं बसून त्यांची दोन दोन नावं घिऊ?"

नवऱ्याला एक नाव असतं तिथं बाई जपून बोलते. ह्या बाईला दोन नावं सांभाळायची होती, आणि तेही त्यातलं एक नाव कुणाला माहीत नसताना.

"बरं, घेऊ नका," मी म्हटलं. "खुणेनं सांगा."

हे त्यांना पटलं. बायकांना जमतं ते. "पयला शबुद रंगाचा हाय."

"कोणता?"

"मिरचीचा."

"तांबडा?"

"तांबडा आमी म्हनतो. शेरातली काय म्हनत्यात?"

"लाल?"

आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला. नवऱ्याचं नाव कानावर पडलं की ओढतात तसा.

"आन् दुसरा, टिंडेलभाईचं नाव घे. त्यातला मागला."

टिंडेलभाई म्हणजे नूरमोहम्मदचाचा. अख्खं चाकण त्यांना नावानं हाक मारायचं. एकट्या आत्याबाई टिंडेलभाई म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, केवढा हा मान! आणि लाल हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता, पण आमच्या वाडीत तो ऐकलाय कुणी? आमची मिरची तांबडी, माती तांबडी, गाईचं वासरूही तांबडं. कुणाला संशय यावा तरी कसा?

"लालमहंमद!" मी म्हटलं.

"हळू," आत्याबाई म्हणाल्या. "भाईर गडीमान्सं हायेत."

ह्यांना मी ते सांगितलं तेव्हा हे हसतील असं मला वाटलं होतं. हे उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "तीन वर्सं. सहा अर्ज. दोन येळा मुंबई. आन् नाव माझ्या घरात कांदं निवडीत हुतं." मग आईकडं बघितलं. रागवायचं तर कुणावर? ती तर त्यांच्याच बापाचं आयुष्य वाढवत बसली होती.

आठवड्यानं चाचांना बरोबर घेऊन हे मुंबईला गेले. चाचा सोबत असल्यामुळं कचेरीत कुणी हसलं नाही. ह्या वेळी गाठ पडली ती जुन्या दफ्तराच्या कारकुनाशी. सगळे त्यांना नानासाहेब म्हणत. सहाही उत्तरांवर त्यांचीच सही होती.

"लालमहंमद," नानासाहेब म्हणाले. "बापाचं नाव?"

"ठावं न्हाई."

"गाव?"

"ठावं न्हाई."

"छान. त्या सालांत माझ्याकडं चार लालमहंमद आहेत. कोणता देऊ?"

चाचांनी त्यांना समजावलं, गोड बोलून, बोटीवरच्या जुन्या साहेबांची नावं सांगून. शेवटी नानासाहेबांनी चौघांची पानं काढली. दोघं अजून कामावर होते. तिसऱ्यानं साठीला नळी जमा केली होती. चौथ्याच्या पानावर त्यांचं बोट थांबलं, आणि त्यांनी चष्मा वर करून ह्यांच्याकडं पाहिलं.

"तुमच्या आईचं नाव?"

"गवराबाई."

त्यांनी पान फिरवून पुढं केलं. वारस ह्या रकान्यात लिहिलं होतं: 'गवराबाई कोम लालमहंमद, मौजे चाकण, तालुका खेड.' कोम म्हणजे बायको.

म्हणजे सासऱ्यांनी स्वतःचं नाव खोटं सांगितलं, बापाचं खोटं, गाव खोटं. बायकोचं नाव-गाव विचारलं तेव्हा मात्र त्यांना खोटं सुचलं नाही.

त्याच ओळीच्या शेवटी तांबड्या शाईत होतं: त्रेचाळीस साल, ऑगस्ट महिना, एडनच्या अलीकडं बोट बुडाली, बेपत्ता, मृत धरण्यात यावे. आणि पानाला टाचणीनं एक पाकीट लावलेलं होतं. कळवायचं पत्र. ते वेळेवर निघालं होतं, चाकणला पोचलंही होतं. पाकिटाच्या पाठीवर टपालवाल्यानं शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मुसलमान आळीत घरोघर चौकशी केली. या नावाची बाई नाही. परत.'

त्याचा काय दोष? नाव वाचून कुणीही त्याच आळीत गेला असता. बिचारा घरोघर फिरला. एक वेस ओलांडून आमच्या वाडीत आला असता तर आत्याबाईंनी त्याला पाणी दिलं असतं, आणि 'अशी बाई इथं नाही' असंच सांगितलं असतं, हेही मला ठाऊक आहे.

हे म्हणाले, "साहेब, ते पाकीट द्या."

"तुम्ही कोण?"

"मुलगा."

"लालमहंमदचा मुलगा, नाव बन्सी कड?" नानासाहेबांनी पान मिटलं. "असं बघा, ह्या कागदात जो मेलाय तो तुमचा बाप नाही, आणि तुमचा बाप ह्या दफ्तरात मेलेला नाही. पाकीट बाईंच्या नावानं आहे. बाईंना घेऊन या. आपल्या तोंडानं नवऱ्याचं नाव सांगतील, अंगठा देतील, घेऊन जातील."

"तोंडानं?" हे म्हणाले.

"मग कशानं?"

ह्यांनी टेबलावर मूठ आपटली. चाचांनी त्यांना बाहेर काढलं.

घरी येऊन हे भिंतीकडं तोंड करून बोलले. सगळं एका दमात सांगितलं, साल, महिना, बोट, पाकीट. आत्याबाई ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता त्या टाहो फोडतील. त्यांनी विचारलं, "त्रेचाळीसचा सरावन?"

"व्हय."

"म्हंजी तेरा वर्सं." बोटांच्या पेरांवर त्यांनी काहीतरी धरलं आणि सोडून दिलं. "तेरा वर्सं मी लोकांच्या घरी सवाष्ण म्हनून जेवले, कुसुम. पुरनाची. लगीनघरात ओट्या भरल्या पोरीबाळींच्या. काय म्हनतील त्या आता?"

नवरा गेल्याचं दुःख एका बाजूला, आणि लोकांची पुरणपोळी खाल्ल्याची लाज दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत. सगळ्या चांगल्या नांदतायत."

मंगळवारी आम्ही चौघं निघालो. तळेगावपर्यंत मोटारीनं, पुढं आगगाडीनं. चाचा वाटभर पढवत होते, "भाभी, एकच नाव. नळीवरचं. दुसरं घेतलंत तर कुणाची नळी, कुणी दिली, चौकशी लागेल. पाकीट परत आत."

आत्याबाई मान हलवत होत्या.

कचेरीत नानासाहेबांनी कोरा अर्ज पुढं ओढला. "बाई, नवऱ्याचं नाव?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. सवय. मी तोंड उघडलं.

"तुम्ही नाही. त्यांनी."

मागं रांगेतला कुणीतरी खाकरला. ह्यांनी टेबलाची कड आवळून धरली होती. मग आत्याबाई टेबलाकडं बघून काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्यानं."

"लालमहंमद."

नानासाहेबांनी लिहिलं. चाचांनी श्वास सोडला. आणि तेवढ्यात आत्याबाई, जणू एक घेतलं तर दुसऱ्यावर अन्याय नको, अशा बेतानं पुढं म्हणाल्या, "गेनू भिमाजी कड."

टाक थांबला. हे डोळे मिटून उभे होते.

"हे कोण?" नानासाहेबांनी विचारलं.

"तेच."

"मला एकच नाव लागतं, बाई."

"साह्येब, लगीन झाल्यापासनं पयल्यांदा तोंडातनं काडलंय. मागं कसं घिऊ?"

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हे दुसरं नाव," ते म्हणाले, "मी सहा वेळा लिहून दिलंय की आमच्याकडं नाही. तेव्हा मला ते ऐकू येण्याचं काही कारण नाही. अंगठा इथं. पुढचे!"

बाहेर पायऱ्यांवर ह्यांनी पाकीट फोडलं. आत एकच कागद, छापील, इंग्रजी. ह्यांना कारखान्यातल्या खोक्यांवरची अक्षरं लागतात तेवढीच. मला तर त्याहून कमी. तेरा वर्षं वाट पाहिली त्या पत्राची, आणि चौघांत एकालाही ते वाचता येईना. हे हसले तेव्हा, पण ते हसणं ऐकवत नव्हतं.

चाचांनी कागदावरून बोट फिरवलं. "हा कागद मला ठाऊक आहे. हा नंबर. ही बोट. ही तारीख. बाकी सगळं साहेबांचं दुःख व्यक्त करणं."

आत्याबाईंनी विचारलं, "टिंडेलभाई, कोळसेवाला बोटीत कुठं असतो?"

"वर असतो, आये," हे घाईनं म्हणाले. "हवेवर."

चाचांनी ह्यांच्याकडं पाहिलं, मग आत्याबाईंकडं. "खाली असतो, भाभी. सगळ्यांत खाली. आगीपाशी."

"मग त्यांस्नी पानी दिसलं नसंल."

"नाही दिसलं."

"बरं झालं. पान्याला लई भ्यायचे. भामेत गुडघाभर गेलं तरी माझा दंड धरायचे."

"मग कशाला गेला बोटीवर?" हे ओरडले. येणारे जाणारे थांबून बघायला लागले. "पान्याला भ्यायचा तर कशाला गेला? कुनी सांगितलं हुतं? मी सोळा वर्सं हेच इचारतुया, कशाला गेला?"

तीन वर्षांत त्यांनी हा प्रश्न एकाही अर्जात लिहिला नव्हता.

आत्याबाई म्हणाल्या, "नाव सांगितलं मला. का, ते न्हाई सांगितलं."

हे पायरीवर बसले आणि कागद मिटायला लागले. तेरा वर्षांच्या घड्या होत्या, कागद आपला आपण मिटला असता, पण ह्यांच्या हातून मिटेना. आत्याबाईंनी तो काढून घेतला, नीट मिटला, कनवटीला लावला. मी त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघत होते, ते त्यांनी ओळखलं.

"घरी गेल्याव बगू," त्या म्हणाल्या. "गाडीत लोक इचारत बसत्यात." आणि ह्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.